तीन पट्ट्या, एक चौकोन: नवशिक्यांच्या गोधडीच्या प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर, वेंगुर्ले

माप ठरलं. ३६ इंच रुंद, ४८ इंच लांब. शेजारच्या वैनींची लेक बाळंतपणाला माहेरी आली आहे, डिसेंबरअखेर तिचे दिवस भरतात. बाळ पालथं पडू लागलं, लोळू लागलं की जमिनीवर अंथरायला ही गोधडी. पहिल्या वर्षात बाळाच्या झोपेत अंगावर जाड पांघरूण घालू नये, हे वैनींशी आधीच बोलून ठेवलं आहे.

शिवणार दोघी: वैनी आणि माझी भाची. वैनी ब्लाउज शिवतात, भाचीने बटणापलीकडे काही शिवलेलं नाही. मी शेजारी बसणार, पण मशीनवर हात त्यांचाच.

नमुना मुद्दाम आजच्या पद्धतीचा घेतला आहे, ज्याला मॉडर्न क्विल्टिंग म्हणतात तो. मोठे आकार, मोजके रंग, भरपूर मोकळी जागा आणि वरून सरळ रेघांची शिलाई. फुलं, पानं, चांदण्या नाहीत. नवशिक्याला असाच नमुना द्यावा असं माझं ठाम मत आहे. बारीक त्रिकोणांनी सुरुवात केलेल्या कितीतरी गोधड्या कपाटात अर्ध्या पडून राहतात. इथे दोनच प्रकारचे चौकोन आहेत. एक तीन पट्ट्या जोडून केलेला, दुसरा अख्ख्या कापडाचा. एका ओळीत ६, अशा ८ ओळी, एकूण ४८. त्यांतले ३० पट्ट्यांचे, १८ साधे. पट्ट्यांचे चौकोन एक उभा, एक आडवा असे लावत गेलं की आपोआप पायऱ्या उमटतात.

१४ ऑक्टोबर

कुडाळला जाऊन कापड आणलं. सगळं सुती. पट्ट्यांसाठी गडद निळा, विटकरी आणि मोहरीसारखा पिवळा. साध्या चौकोनांना मांजरपाट.

हिशेब लिहून ठेवते, कारण दुकानात उभं राहून तो सुचत नाही. पट्टी अडीच इंच रुंद. तीन पट्ट्या म्हणजे साडेसात इंच, दोन टिपांमध्ये मिळून एक इंच आत जातं, उरतात साडेसहा. म्हणून तुकडा साडेसहाचा कापायचा. चारी बाजूंनी शिवून झाला की तो ६ इंचांचा दिसतो. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात किनार काढून ४० इंच धरावेत. तीन रंगांच्या तीन लांब पट्ट्या शेजारी शेजारी शिवल्या की एक जोडी होते. ती आडवी कापली की ६ चौकोन निघतात, ३० चौकोनांना ५ जोड्या लागतात. म्हणजे प्रत्येक रंगाच्या ५ पट्ट्या, साडेबारा इंच कापड. ४० सेंटिमीटर घेतलं की आटण्यालाही वाव राहतो. ३६ इंच पन्हा असेल तर जोडीतून ५ च निघतात, मग अर्धा मीटर घ्यावं. साध्या १८ चौकोनांना अर्धा मीटर पुरतो, आम्ही मीटरभर आणला. कडेच्या पट्टीसाठी निळा आणखी ३५ सेंटिमीटर.

दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणतो ते तपासायला एक धागा काढून जाळून पाहावा. सुताची राख होते आणि जळक्या कागदाचा वास येतो. पॉलिस्टर असलं तर टोकाला कडक मणी तयार होतो.

१९ ऑक्टोबर

कापडं धुऊन घेतली. विटकरीने पहिल्या पाण्यात रंग सोडला, दुसऱ्यात कमी, तिसऱ्यात पाणी स्वच्छ. ओल्या कापडावर पांढरी चिंधी चोळून खात्री केली. मांजरपाटाची खळ निघून गेल्यावर ते मऊ झालं आणि आटलंही, त्यामुळे ते जास्त आणलेलं बरं झालं.

वाळल्यावर चारी कापडं शेजारी ठेवून भाचीला मोबाइलवर काळापांढरा फोटो काढायला सांगितलं. निळा काळपट दिसला, विटकरी मधला, पिवळा फिकट. हवं होतं तेच. रंग वेगळे असले तरी गडदपणा सारखा असेल तर दुरून सगळं एकच दिसतं आणि पायऱ्या हरवतात. दुकानातही हा फोटो काढता येतो, कुणी नाही म्हणत नाही.

आता दिवाळी. फराळाचं काम सुरू, कापड बाजूला.

२ नोव्हेंबर

कापणी. आधी कापडाला टोकाशी छेद देऊन आडव्या धाग्यावर फाडून घेतलं. विणीची सरळ रेघ त्यातून कळते. पट्ट्या मात्र फाडू नयेत, एवढ्या अरुंद पट्टीच्या कडा ताणल्या जातात आणि मग त्या लाटांसारख्या शिवल्या जातात.

माझ्याकडे रोटरी कटर आहे, गोल पात्याचा. जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये तो आणला आणि क्विल्ट करणाऱ्यांची कापणी बदलून गेली. एकावर एक ठेवलेले चार थर एका ओढीत सरळ कापले जातात. पण तो नाही म्हणून कुणी थांबू नये. वैनींनी त्यांची लोखंडी पट्टी, खडू आणि शिंप्याची कात्री घेऊन पट्ट्या काढल्या, त्याही तेवढ्याच सरळ आल्या. भाचीने कटर वापरला. पात्यापुढे बोट आणायचं नाही आणि हातातून खाली ठेवण्याआधी पातं झाकायचं, एवढे दोन नियम तिच्याकडून बोलून घेतले. त्याखालची हिरवी मॅट उन्हात ठेवू नये, वाकडी होते आणि पुन्हा सरळ होत नाही.

साधे चौकोन आज कापले नाहीत. भाचीने विचारलं, “मावशी, मांजरपाट राहिलं ना?” राहू दिलं आहे. कारण परवा.

४ नोव्हेंबर

आजचा दिवस मायेचा, म्हणजे टिपेच्या बाहेर कडेला ठेवायच्या कापडाचा. या सगळ्या कामात एकच गोष्ट नीट शिकायची असेल तर ही.

ब्लाउजला आपण अर्धा, पाऊण, कधी इंचभर माया ठेवतो, पुढे उसवून मोठा करता यावा म्हणून. गोधडीच्या तुकड्यांना पाव इंच. वैनींच्या हाताला जास्त मायेची सवय, भाचीला कसलीच नाही, त्यामुळे दोघींना सारखंच नव्याने शिकावं लागलं. मशीनचा पाय म्हणजे पाव इंच असं धरून चालू नये, प्रत्येक मशीनचा पाय वेगळा असतो. सुई हाताने चाक फिरवून खाली आणली, तिच्यापासून पाव इंचावर मशीनच्या पत्र्यावर डॉक्टरी चिकटपट्टीचे चार थर लावले. कापडाची कड त्या उंचवट्याला टेकून सरकते. डोळे सुईवर ठेवायचे नाहीत, कडेवर ठेवायचे.

मग परीक्षा. अडीच इंचांचे तीन लहान तुकडे जोडायचे, इस्त्री करायची आणि मधली पट्टी मोजायची. बरोबर २ इंच यायला हवी. भाचीची दोन इंचांना अर्धं सूत कमी आली, वैनींचीही जवळजवळ तेवढीच. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतारांचं माप, पण शिवणातही फार उपयोगी.)

अर्धं सूत कमी म्हणजे काहीच नाही असं वाटतं. एका चौकोनात दोन टिपा, म्हणजे चौकोन एक सूत लहान. ओळीत सहाही चौकोन पट्ट्यांचे असतील तर ती ओळ शेजारच्या साध्या ओळीपेक्षा पाऊण इंच आखूड पडेल. मग ताणा, ओढा, चुण्या घाला. इथेच नवशिकी हताश होतात आणि आपल्याला जमत नाही असं ठरवून टाकतात.

उपाय सोपा. पट्ट्यांचे चौकोन आधी शिवायचे, मोजायचे, आणि साधे चौकोन मग त्याच मापाने कापायचे. माया पाव इंचाला थोडी जास्त असो, थोडी कमी असो, ती पहिल्या टिपेपासून शेवटच्या टिपेपर्यंत सारखी असली की झालं. पुस्तकी मापापेक्षा हा सारखेपणा मोठा, असं मी दोघींना पुन्हा पुन्हा सांगितलं.

सासूबाई झोपाळ्यावरून ऐकत होत्या. “चौकोन सारखे कित्याक होये? वाकळ उबेसाठी असता.” त्यांच्या वाकळीला ते खरंच आहे. तिथे तुकडा जुन्या लुगड्यावर वरून ठेवून हाताने टाके घालतात, कमी पडला तर दुसरा चिकटतो. इथे तुकड्याला तुकडा जोडून आधी वरचं कापड तयार होतं, म्हणून मोजमाप आलं.

९ नोव्हेंबर

पट्ट्यांच्या जोड्या झाल्या. टाका साधारण अडीच मिलिमीटरचा, इंचाला दहाच्या आसपास. सुई १४ नंबर. पहिली टीप वरून खाली मारली तर दुसरी खालून वर मारायची, नाहीतर लांब पट्टी एका बाजूला कमानीसारखी वळते.

मध्येच वीज गेली. पायमशीनला काही फरक पडला नाही, इस्त्री तेवढी थांबली. तोवर टिपा नखाने दाबून बसवल्या. इस्त्री ओढायची नसते, ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. ओढली की सुती पट्टी उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी कापल्यासारखी, वाकते. माया गडद रंगाकडे दाबायची, म्हणजे पिवळ्याखालून निळा डोकावत नाही.

चौकोन साडेसहाला एक सूत कमी आले. सगळे. ३० च्या ३०. दोघींचा हात एकसारखा बसला याचा मला फार आनंद झाला. त्या मापाची कागदी चौकट कापली आणि तिच्यावरून मांजरपाटाचे १८ चौकोन.

१५ नोव्हेंबर

पडवीत सगळं मांडून पाहिलं. तुळस आणि पायरीच्या मधला उजेड चांगला असतो, पण वारा होता, म्हणून आत.

पहिल्यांदा साधे चौकोन नेमाने मांडले, दोन पट्ट्यांचे आणि एक साधा. बुद्धिबळाच्या पटासारखं ठोकळेबाज दिसलं. मग भाचीने सगळ्या पायऱ्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून वर चढत नेल्या आणि मांजरपाट उजवीकडे वर एकत्र केलं. एकदम श्वास घेता येईल अशी जागा झाली. सासूबाईंनी दोन साधे चौकोन उचलून पायऱ्यांच्या मधोमध घातले. आम्ही तिघी थांबून पाहत राहिलो, आणि ते तसेच ठेवले.

अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं नदीच्या वळणावरचं गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी जीर्ण झालेल्या कामाच्या कपड्यांतून पिढ्यान्पिढ्या क्विल्ट शिवल्या. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये त्यांचं प्रदर्शन लागलं, पुढे ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये गेलं. आजच्या मोकळ्या नमुन्यांवर त्या कामाची मोठी छाप आहे. फोनवर दोघींना फोटो दाखवले. वैनी एकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ही पँटीची गुडघ्याची बाजू. रंग उडालाय बघा.” मुद्दाम केलेला आणि सुचत गेलेला नमुना यांतला फरक त्यांनी एका नजरेत ओळखला.

फोटो काढला, प्रत्येक चौकोनाला ओळ आणि क्रमांकाची चिठ्ठी टाचली.

२२ नोव्हेंबर

ओळी जोडल्या. दोरा न तोडता एकामागून एक तुकडे मशीनखाली देत गेलं की माळ तयार होते, दोरा वाचतो आणि सुरुवातीच्या गाठी होत नाहीत. पहिल्या ओळीतली माया सगळी डावीकडे दाबली, दुसरीतली उजवीकडे, तिसरीतली पुन्हा डावीकडे. दोन ओळी समोरासमोर आल्या की जोडावरचे उंचवटे एकमेकांत अडकतात आणि कोपरे जुळतात. बोटांना ते कळतं.

वरचं कापड पूर्ण: पावणेछत्तीस बाय साडेसत्तेचाळीस. ठरल्या मापापेक्षा थोडं कमी, चारी कोपरे काटकोनात.

२९ नोव्हेंबर

आत काय घालायचं? यावर दोन संध्याकाळी गेल्या, आणि जायलाच हव्या होत्या.

क्विल्टचे बहुतेक धडे आत बॅटिंग घालायला सांगतात, तयार सुती किंवा पॉलिस्टरचा थर. थंड मुलखात ते योग्यच. आपल्याकडे सुती जाड थर पावसाळ्याच्या दमट हवेत ओल धरतो, चार महिने नीट वाळत नाही, मग त्याला कुबट वास येतो आणि काळे ठिपके पडतात. पॉलिस्टर लवकर वाळतो, पण त्यावर बाळाला घाम येतो. पिंजलेला सुटा कापूस घातला तर तो धुताना गोळा होतो, म्हणून खूप जवळजवळ टाके लागतात.

सासूबाईंचं उत्तर तयार होतं. “दोन जुनी लुगडी घाल. कापूस पावसात सुकाचो नाय.” समुद्राकाठच्या घरात पिढ्यांनी तपासून पाहिलेलं हे उत्तर आहे आणि मला ते पूर्ण पटतं. विणलेलं कापड आत सरकत नाही, म्हणून शिलाईच्या रेघा दोन-तीन इंचांवर असल्या तरी चालतात. थर पातळ राहतो, सकाळी धुतलेली गोधडी थंडीच्या दिवसांत संध्याकाळपर्यंत वाळते. नवशिक्याला आणखी एक फायदा: साध्या पायमशीनखालून ती सहज जाते.

लुगडं उजेडासमोर धरून पाहिलं, विरलेला भाग काढून टाकला. दोन थर. खालच्या बाजूला वैनींच्या आईची मऊ सुती साडी. साडीचा पन्हा ४५ इंचांच्या आसपास असतो, त्यामुळे मागे जोड द्यावा लागला नाही. आतले थर आणि खालचं कापड वरच्यापेक्षा चारी बाजूंनी चार-चार इंच मोठं ठेवलं.

३० नोव्हेंबर

लादी पुसून कोरडी केली. साडी उलटी अंथरली, कडा चिकटपट्टीने जमिनीला चिकटवल्या, ताठ पण ताणलेली नाही. वर लुगड्याचे थर, वर आमचं काम. मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या बाहेर काढल्या.

थर धरून ठेवायला सेफ्टीपिना लावतात. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी सावध असावं: खाऱ्या दमट हवेत साध्या पिना काही दिवसांतच गंजतात आणि मांजरपाटावर पडलेला गंजाचा डाग जात नाही. पितळी किंवा स्टेनलेसच्या मिळाल्या तर वापराव्यात, नाहीतर हाताने कच्चा टाका. आम्ही कच्चा टाकाच घातला, लाल दोऱ्याने, मधून बाहेर, चार-चार बोटांवर. तिघी तीन बाजूंना बसलो की काम पटकन उरकतं.

७ डिसेंबर

वरची शिलाई. सुई १६ नंबर, टाका मोठा, तीन ते साडेतीन मिलिमीटर. मशीनच्या पायाचा दाब थोडा सैल केला. नव्या मशीनला वॉकिंग फूट मिळतो, तो वरचं आणि खालचं कापड बरोबरीने ओढतो. आमच्या मशीनला तो बसत नाही, म्हणून हळू चालवलं. मशीनचे दाते खालचं कापड मागे नेतात आणि पाय वरच्याला अडवतो, त्यामुळे वरचा थर पुढे साचत जातो. सगळ्या चुण्यांचं मूळ हेच.

त्यासाठी पहिली रेघ बरोबर मध्ये, लांबीच्या दिशेने. मग मधून उजवीकडे, पुढे फिरवून मधून डावीकडे, दोन-दोन इंचांवर. मशीनखाली जाणारी गोधडीची गुंडाळी त्यामुळे कधीच अर्ध्या गोधडीपेक्षा जाड होत नाही. रेघेला खुणेची गरज नाही, चिकटपट्टी लावायची, तिच्या कडेने शिवायचं, काढून पुढे लावायची. तिरक्या रेघा सुंदर दिसतात, पण तिरकं कापड ताणतं. पहिल्या गोधडीत सरळच बऱ्या.

गोव्याच्या खाली, उत्तर कन्नडमध्ये हल्याळ-यल्लापूरच्या रानात आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात ती अगदी उलट, कडेपासून सुरू करून आत, मध्याकडे. हातात सुई असते, तुकडा ठेवत ठेवत धावदोरा पुढे जातो, थर बोटांखाली सपाट राहतो. कोपऱ्यांवर घडी घातलेले छोटे त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात. ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांनी ही पद्धत जरूर शिकावी. मशीन मात्र कापड ढकलतं, म्हणून तिथे मधून बाहेर.

भाचीची तिसरी रेघ थोडी लाटेची आली. ती उसवायला निघाली, मी थांबवलं. चार हात लांबून पाहायला सांगितलं. दिसेना. ठेवली.

१३ डिसेंबर

कडेची पट्टी. वैनी उरेब कापायला निघाल्या, गळ्याच्या पायपिंगची सवय. उरेब गोलाईला लागतो. गोधडीच्या चारी कडा सरळ, सरळ धाग्याची पट्टी पुरते आणि कापड वाया जात नाही. अडीच इंचांच्या ५ पट्ट्या, जोड तिरपे, म्हणजे एका जागी जाडी येत नाही. लांबीत दुमडून इस्त्री.

पट्टी समोरून पाव इंचावर शिवत न्यायची. कोपरा पाव इंच राहिला की थांबायचं, दोरा पक्का करायचा. पट्टी सरळ वर दुमडायची, तिरकी घडी पडते, मग खाली आणून कडेला कड लावायची आणि नव्या बाजूने सुरू करायचं. कागदावर दोनदा करून पाहिलं की हाताला समजतं. पट्टी मागे वळवून हेम सासूबाईंनी घातला. त्यांचा टाका दिसतच नाही.

२० डिसेंबर

कच्चा टाका काढला, थंड पाण्यात सौम्य साबणाने धुतली. आतलं लुगडं आधीच आटलेलं, तरी सगळी मिळून थोडी आटली: ३५ बाय ४६. टाक्यांभोवती बारीक सुरकुत्या आल्या, त्या येतातच. पिळायची नाही, दोन दोरांवर पसरून वाळत घालायची.

वैनींना सांगितलेलं लिहून ठेवते. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये. जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवावी, ऊन पडेल त्या दिवशी बाहेर काढावी.

भाचीला आता स्वतःच्या पलंगासाठी हवी आहे, ६० बाय ८४. चौकोन वाढवत बसायचं नाही, पट्टी रुंद करायची. साडेचार इंचांच्या तीन पट्ट्या, तुकडा साडेबाराचा, दिसायला १२ इंच. ओळीत ५, अशा ७ ओळी, एकूण ३५ चौकोन, त्यांतले २० पट्ट्यांचे. ४४ पन्ह्याच्या एका जोडीतून ३ निघतात, म्हणजे ७ जोड्या, प्रत्येक रंगाचे ९० सेंटिमीटर. साध्या १५ ना पावणेदोन मीटर मांजरपाट. मागे साडी एकपदरी पुरणार नाही, मध्ये जोड द्यावा लागेल. रंग तिने अजून ठरवलेले नाहीत. काळापांढरा फोटो काढून पाठव म्हटलं आहे.